खात्रीचा डावा हात

२० नोव्हेंबर २०२४, बुधवार

आज संध्याकाळी बेसबॉलच्या सर्वोत्तम पिचरांचे साय यंग पुरस्कार जाहीर झाले. नॅशनल लीगचा पुरस्कार क्रिस सेलला मिळाला. १८ विजय, २२५ स्ट्राइकआउट, नऊ इनिंगमागे २.३८ धावा. तिन्ही आकड्यांत लीगमध्ये पहिला, आणि वय ३५. गेल्या वर्षी ३० डिसेंबरला आमच्या बॉस्टन रेड सॉक्सनं त्याला अटलांटाला देऊन टाकलं. वर १ कोटी ७० लाख डॉलर दिले आणि बदल्यात व्हॉन ग्रिसम हा सेकंड बेसमन घेतला. ग्रिसमचा हंगाम मांडीच्या दुखण्यात गेला.

सेलला दिला यात मला मोठा गुन्हा दिसत नाही. २०२० ते २०२२ या तीन हंगामांत मिळून त्यानं पन्नास इनिंगही टाकल्या नव्हत्या. कोपर, बरगडी, करंगळी, मनगट, एकामागून एक काहीतरी मोडतच होतं. तो पुन्हा उभा राहील यावर त्या दिवशी पैज कुणी लावली असती? माझी तक्रार त्याच्या जागी काय आणलं याबद्दल आहे. मालकांपैकी टॉम वर्नर यांनी मागच्या हिवाळ्यात सांगितलं होतं की संघ पूर्ण ताकदीनं उतरणार. त्यानंतर लुकास जिओलिटो एवढा एकच मोठ्या नावाचा पिचर आला, आणि मार्चमध्ये त्याच्या कोपराची शस्त्रक्रिया झाली. संपूर्ण हंगामात त्यानं आमच्यासाठी एक चेंडू टाकला नाही. शेवटी ८१ जिंकले, ८१ हरले.

काल आमचा पिचर निक पिवेटा यानं क्लबचा एका वर्षाचा २ कोटी १० लाख ५० हजार डॉलरचा प्रस्ताव नाकारला. ही रक्कम क्लब ठरवत नाही, लीगच्या नियमानं ठरते. नाकारून खेळाडू दुसरीकडे गेला तर क्लबला ड्राफ्टमध्ये एक जास्तीची निवड मिळते. आमचे लोक त्या निवडीवर खूश असतील. मी नाही. पिवेटा काही पहिल्या नंबरचा पिचर नव्हता. होमरन फार द्यायचा. पण ठरल्या दिवशी चेंडू हातात घेऊन उभा राहायचा. २०२१ च्या प्लेऑफमध्ये टँपाविरुद्ध तो दहाव्या इनिंगला आला आणि चार इनिंग एकही धाव न देता टाकून गेला, तेराव्यात आमच्या वाझकेझनं होमरन मारेपर्यंत. अशा माणसाची किंमत कुठल्या तक्त्यात धरतात ते मला बघायचंय.

४ डिसेंबर, बुधवार

अरोल्डिस चॅपमन आमच्याकडे. एक वर्ष, १ कोटी ७ लाख ५० हजार डॉलर. केन्ली जॅन्सन गेल्यावर शेवटची इनिंग टाकायला कोणीतरी हवंच होतं.

खेळापुरतं बोलायचं तर छत्तिसाव्या वर्षीही तो शंभर मैलांच्या आसपास टाकतो, आणि डावखुरा आहे. पण २०१६ मध्ये कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या नियमाखाली लीगनं त्याला ३० सामन्यांची बंदी घातली होती. फौजदारी आरोप ठेवला गेला नाही, तरी बंदी होती ती होती. मी त्याच्यासाठी टाळ्या वाजवायला उठणार नाही. त्यानं वाचवलेला सामना मात्र माझ्या संघाच्या खात्यात जमा होईल, आणि तो मी मोजेन. या दोन गोष्टी एकमेकींत मिसळायच्या नाहीत, एवढं मी ठरवलंय.

१० डिसेंबर, मंगळवार

मॅक्स फ्राइड यँकीजकडे. आठ वर्षं, २१ कोटी ८० लाख डॉलर. डावखुऱ्या पिचरला मिळालेली आजवरची सगळ्यात मोठी हमी. आधीचा विक्रम डेव्हिड प्राइसचा, २१ कोटी ७० लाख. तो २०१५ च्या डिसेंबरात आम्हीच दिला होता. म्हणजे आमच्याकडे हे करायची हिंमत एकेकाळी होती.

एडिसनहून दाजींचा फोन आला. ताईचं लग्न झालं तेव्हापासून ते यँकीजचे. त्याआधी त्यांचा जीव फक्त क्रिकेटमध्ये होता.

"काय गं, कळलं ना? फ्राइड आमचा."

"कळलं, दाजी. अडतिशीपर्यंत पगार देत बसाल."

"देऊ की. त्यातली चार-पाच वर्षं चांगली गेली तरी पुष्कळ झालं. तुमची मंडळी हिशोब बरोबर करतात, पिचर आमच्याकडे येतात."

फोन ठेवल्यावर बराच वेळ हेच डोक्यात होतं. दाजींचं म्हणणं बरोबर आहे. लांबचा करार शेवटी बुडणार हे सगळ्यांनाच माहीत असतं. शेवटची दोन-तीन वर्षं ही सुरुवातीच्या वर्षांची किंमत असते. आमच्या फेनवे पार्कच्या तिकिटांचे दर लीगमधल्या सगळ्यात चढ्या दरांत मोडतात. ज्या क्लबचे प्रेक्षक एवढे पैसे मोजतात, त्या क्लबनं पिचरच्या उतारवयाची दोन वर्षं सोसली तर काय बिघडलं?

११ डिसेंबर, बुधवार

क्रोशे! गॅरेट क्रोशे!

दुपारी कामावर असताना बातमी आली आणि मी जिन्यात जाऊन ती पुन्हा वाचली. शिकागो व्हाइट सॉक्सकडून घेतला. वय २५, सहा फूट सहा इंच, डावखुरा. व्हाइट सॉक्स यंदा १२१ सामने हरले. आधुनिक बेसबॉलमध्ये एका हंगामात कुणी इतके हरलं नव्हतं. त्या पडक्या घरात राहून या मुलानं १४६ इनिंगमध्ये २०९ स्ट्राइकआउट काढले आणि फक्त ३३ जणांना चार बाहेरच्या चेंडूंवर फुकट बेस दिला. वेग सगळ्यांनाच दिसतो. माझं लक्ष त्या ३३ वर जातं. शंभर मैलांनी टाकणारे पुष्कळ आहेत. शंभर मैलांनी हवा तिथे टाकणारे फार थोडे.

बदल्यात चार मुलं गेली. कॅचर काइल टील, आउटफिल्डर ब्रेडन माँटगोमेरी, इन्फिल्डर चेस माइड्रॉथ आणि पिचर विकेलमन गोन्सालेस. टील आणि माइड्रॉथ यांचं मला वाईट वाटतंय, कारण ते आमच्या शेजारचे. श्रूजबरीहून वुस्टरचं पोलर पार्क गाडीनं अगदी जवळ, आणि उन्हाळ्यात तिथे गेलं की मोठ्या लीगचं उद्याचं पीक पंधरा-वीस डॉलरच्या तिकिटात बघायला मिळतं. माइड्रॉथ वाईट चेंडूला बॅट लावतच नाही. पिचर वैतागतो, मोजणी तीन-दोनवर येते, हा आणखी दोन चेंडू फाउल करतो आणि शेवटी शांतपणे बॅट ठेवून पहिल्या बेसकडे चालू लागतो. टील डावखुरा फलंदाज आणि तरी कॅचर, म्हणजे दुर्मीळच. माँटगोमेरीनं तर कॉलेजात घोटा मोडल्यामुळे आमच्या कुठल्याच संघाकडून एकही सामना खेळला नाही. आला आणि गेला.

तरी सौदा योग्य आहे. आमच्या होतकरू मुलांपैकी रोमन अँथनी राहिला, मार्सेलो मेयर राहिला, क्रिस्टियन कँपबेल राहिला. कुंपणावरच्या चार आशा देऊन एक खात्रीचा हात घेतला. २०१६ च्या डिसेंबरात सेलला आणला तेव्हाही असेच हातचे मोहरे दिले होते, आणि दोन वर्षांनी विजेतेपदाचा शेवटचा चेंडू सेलनंच टाकला.

माझी चिंता दुसरी आहे. क्रोशेवर क्लबचा हक्क फक्त दोन हंगामांचा, २०२६ पर्यंत. त्यानंतर तो मोकळा. चार मुलं देऊन दोन वर्षं विकत घ्यायची आणि मग त्याला फ्राइडसारखं कुणाच्या तरी दारात पाठवायचं, हे मला चालणार नाही. जॉन लेस्टरचं अजून विसरले नाहीये. आमच्याच शाळेत वाढलेला, कर्करोगातून उठून २००७ चा निर्णायक सामना जिंकून देणारा, २०१३ च्या विजेतेपदाचा कणा. २०१४ च्या वसंतात त्याला चार वर्षांचे ७ कोटी डॉलर देऊ केले. ती रक्कम त्याच्या बाजारभावाच्या आसपासही नव्हती. जुलैअखेर त्याला ओकलंडला पाठवला. डिसेंबरात शिकागो कब्जनं सहा वर्षांचे १५ कोटी ५० लाख दिले, आणि दोन वर्षांत कब्जचा १०८ वर्षांचा दुष्काळ संपला. वय तिशीचं झालं की पिचरला लांबचा करार द्यायचा नाही, हा हट्ट त्या वेळी कागदावर शहाणपणाचा दिसत होता.

क्रोशेला आजच बसवून विचारा: किती वर्षं हवीत? मार्चची वाट बघू नका.

१८ डिसेंबर, बुधवार

लीगनं पिचरांच्या दुखापतींवरचा अहवाल काल काढला. वर्षभर चाललेलं काम, दोनशेहून अधिक लोकांशी बोलणं. शल्यविशारद, प्रशिक्षक, जुने खेळाडू सगळे आले. निष्कर्ष ज्यांनी डोळे उघडे ठेवून खेळ पाहिलाय त्यांना नवा नाही: वेगाचा हव्यास, प्रत्येक चेंडू जास्तीत जास्त वळवण्याचा हव्यास, आणि पहिल्या चेंडूपासून सगळी ताकद लावणं. २००८ मध्ये फास्टबॉलचा सरासरी वेग ९१.३ मैल होता, यंदा ९४.२.

कोपराच्या आतल्या बाजूला एक अस्थिबंध असतो. दंडाचं हाड आणि पुढच्या हाताचं हाड यांना तो बांधून ठेवतो. हात मागून पुढे येताना त्याच्यावर जो ताण येतो तो जवळजवळ त्याच्या सहनशक्तीच्या टोकाचा असतो, आणि पिचर हे एका संध्याकाळी नव्वद वेळा करतो. तो तुटला की १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉनवर केली तशी शस्त्रक्रिया करतात. पुष्कळदा मनगटाजवळचा एक कंडरा काढून कोपरात ओवतात. अंगठा आणि करंगळी एकमेकांना टेकवून मनगट थोडं आत वळवलं की हा कंडरा त्वचेखाली दोरीसारखा वर येतो. काहींच्या हातात तो जन्मतःच नसतो आणि त्यावाचून त्यांचं काही अडत नाही. माझ्या उजव्या हातात आहे, डाव्यात नाही. आज जेवताना मी घरातल्या प्रत्येकाला करून बघायला लावलं.

हे सगळं इथे लिहिते आहे, कारण आमच्या संघाची खरेदी याच कोपरांच्या बाजारात चालली आहे. संघाची बांधणी बघणारे क्रेग ब्रेस्लो स्वतः डावखुरे पिचर होते, येलमध्ये रेण्वीय जीवभौतिकी आणि जीवरसायनशास्त्र शिकलेले, अतिशय बुद्धिमान माणूस. त्यांना आणि पिचिंग कोच अँड्र्यू बेलीला हातातल्या पिचरकडून नवं काही काढता येतं, हे २०२४ च्या एप्रिलमध्ये दिसलं. फास्टबॉल कमी केले, स्लायडर आणि स्वीपर वाढवले, आणि संघाची पिचिंग सगळ्या लीगमध्ये अव्वल ठरली. टॅनर हाउक ऑलस्टार झाला. पण जुलैनंतर तेच पिचर थकले आणि सगळं ढासळलं. युक्ती चेंडू सुधारते, हंगाम लांबवत नाही. हंगाम निभावायला धडधाकट माणसं लागतात, आणि ती महाग असतात.

२४ डिसेंबर, मंगळवार

आठवड्यात दोन पिचर आले. पॅट्रिक सँडोवाल, दोन वर्षं, १ कोटी ८२ लाख ५० हजार. जूनमध्ये कोपर फाटला, पुढच्या उन्हाळ्याच्या उत्तरार्धापर्यंत त्याचं दर्शन नाही. आणि काल वॉकर ब्युएलर, एक वर्ष, २ कोटी १० लाख ५० हजार. पिवेटानं नाकारलेली रक्कम जशीच्या तशी. त्याच पैशात घरचा माणूस सोडून बाहेरचा आणला, असाही याचा अर्थ लावता येतो.

ब्युएलरच्या कोपरावर दोनदा टॉमी जॉन शस्त्रक्रिया झाली आहे, एकदा कॉलेज सोडल्यावर आणि दुसऱ्यांदा २०२२ मध्ये. यंदा नियमित हंगामात १ विजय, ६ पराभव, नऊ इनिंगमागे ५.३८ धावा. तक्ता पाहिला तर घ्यावा असं काहीच नाही. पण ३० ऑक्टोबरची रात्र मी पाहिली आहे. यँकी स्टेडियम, वर्ल्ड सिरीजचा पाचवा सामना, डॉजर्स एका धावेनं पुढे, पिचर संपलेले. दोनच दिवसांपूर्वी पाच इनिंग टाकलेला ब्युएलर नवव्या इनिंगला आला. तीन फलंदाज, तीन बाद. शेवटचा अ‍ॅलेक्स व्हर्डुगो, एकेकाळचा आमचाच. दाजी त्या रात्री फोनवर आले नाहीत.

त्या पोटातल्या आगीसाठी ब्युएलर घ्यावा असं मलाही वाटतं. तिसरा किंवा चौथा पिचर म्हणून. पण रांग बघा: जिओलिटो शस्त्रक्रियेतून उठतोय, व्हिटलॉक उठतोय, सँडोवाल उठणार, ब्युएलर दोनदा उठला, आणि क्रोशेचीही २०२२ मध्ये झालीच आहे. शिवलेला कोपर पुन्हा चालतो, पुष्कळदा उत्तम चालतो, यात शंका नाही. पण सगळे एकाच वेळी चालतील असं गृहीत धरून संघ बांधला जातोय, आणि त्याला ताकद म्हणून दाखवलं जातंय.

२८ डिसेंबर, शनिवार

कॉर्बिन बर्न्स अ‍ॅरिझोनाला. सहा वर्षं, २१ कोटी. फ्राइड गेला, स्नेल त्याआधीच १८ कोटी २० लाखांना डॉजर्सकडे गेला. वरच्या फळीतले तिघेही फ्री एजंट संपले. नुसत्या पैशांनी मिळणारा, मुलं न देता मिळणारा मोठा पिचर आता बाजारात नाही.

१८ जानेवारी २०२५, शनिवार

जपानी पिचर रोकी सासाकी डॉजर्सकडे गेला. तो बॉस्टनला येईल अशी आशा मी धरलीच नव्हती. बाहेर हिमवर्षाव, आत चहा आणि गेल्या वर्षीच्या क्रोशेच्या इनिंगा.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

महिन्याच्या सुरुवातीला फेनवेहून सामानाचा ट्रक फ्लोरिडाला निघाला आणि काल फोर्ट मायर्सला पिचर आणि कॅचर मैदानात उतरले. रात्री बातमी आली, तिसऱ्या बेसवर खेळणारा अ‍ॅलेक्स ब्रेगमन आला. तीन वर्षं, १२ कोटी. घरात आनंद झाला. मलाही झाला, तो चांगला खेळाडू आहे. पण तिसऱ्या बेसला राफाएल डेव्हर्स असताना पैसे तिथे निघाले, आणि पिचरच्या दारात आल्यावर हात आखडता घेतला, ही नोंद करून ठेवते.

पिवेटाही याच आठवड्यात ठरला. सॅन डिएगो, चार वर्षं, साडेपाच कोटी. वर्षाला सरासरी १ कोटी ४० लाखांच्याही आत. एवढ्यात तो आम्हाला परवडला नसता?

२६ मार्च, बुधवार

उद्या अर्लिंग्टनला पहिला सामना. हिवाळाभर आठ-आठ स्टार्टर, म्हणजे सामना सुरू करणारे पिचर, असल्याचं ऐकत होते. आजची यादी: क्रोशे, हाउक, ब्युएलर, रिचर्ड फिट्स, शॉन न्यूकम. जिओलिटो मांडीचा स्नायू ताणून बाहेर, ब्रायन बेलो खांद्यानं, कटर क्रॉफर्ड गुडघ्यानं. न्यूकम जानेवारीत मायनर लीगच्या करारावर आला होता. तो मॅसॅच्युसेट्सचा, इथल्याच मातीतला, त्याला संधी मिळाली याचा आनंद आहे. फिट्स व्हर्डुगोच्या बदल्यात आला होता आणि त्याचा फास्टबॉल या वसंतात जोरदार आहे. या दोघांविरुद्ध माझं काही नाही. पण डिसेंबरात मोजलेल्या आठांतले तिघे मार्चमध्येच नाहीत, आणि यातलं एकही दुखणं कोपराचं नाही. पिचर हा असाच मोडतो, जिथे नजर ठेवाल तिथे नाही.

१ एप्रिल, मंगळवार

काल रात्री झालं. क्रोशे सहा वर्षं, १७ कोटी डॉलर. करार २०२६ पासून २०३१ पर्यंत. २०३० नंतर त्याला बाहेर पडायची मुभा. मोठ्या लीगमध्ये चार ते पाच वर्षं सेवा झालेल्या पिचरला याआधी कुणी इतकी हमी दिली नव्हती.

मी ताईला फोन केला, दाजींना बोलावून घेतलं आणि आकडा सांगितला. "बरं केलं," एवढंच म्हणाले. मग थोड्या वेळानं, "लेस्टरच्या वेळी केलं असतं तर?" त्यांनाही आठवतंय.

यात धोका आहे. पंचविशीतल्या मुलानं स्टार्टर म्हणून आतापर्यंत एकच पूर्ण हंगाम काढलाय, कोपर एकदा शिवलेला आहे. २०२७ मध्ये तो पुन्हा फाटला तर हेच लोक म्हणतील, बघा, सांगितलं होतं. तेव्हाही मी म्हणेन की करार बरोबर होता. चांगला पिचर धोक्याशिवाय मिळतच नाही. तो धोका क्लबनं पत्करायचा असतो, दरवर्षी नव्या आशेवर प्रेक्षकांनी नाही.

३ एप्रिल, गुरुवार

टेक्सासमधला पहिला सामना क्रोशेनं टाकला, जिंकलो. नंतर ओळीनं चार हरलो. काल बाल्टिमोरला पुन्हा त्याची पाळी आली: ८ इनिंग, शून्य धावा, ८ स्ट्राइकआउट. इतक्या इनिंग त्यानं याआधी एका सामन्यात कधीच टाकल्या नव्हत्या. ३-० जिंकलो. म्हणजे दोन विजय, दोन्ही त्याच्या दिवशी.

सातव्या इनिंगला बाल्टिमोरचे फलंदाज पहिल्याच चेंडूवर बॅट फिरवू लागले, कारण दोन स्ट्राइक झाल्यावर त्याच्यापुढे उभं राहायची त्यांची तयारी नव्हती. मी ते उभ्यानं बघितलं.

आता क्रोशेची पाळी नसलेल्या बाकीच्या चार दिवसांचं बघा. बेलो आणि जिओलिटो परततील तेव्हा परततील. ब्युएलरचा करार एका वर्षाचा, जिओलिटोचाही हमीचा हा शेवटचा हंगाम. नोव्हेंबरात दोन जागा पुन्हा रिकाम्या होण्याची शक्यता आहे, तेव्हा ब्रेस्लोंनी धडधाकट खांद्याचा, वर्षाला १८० इनिंग टाकणारा एक माणूस चार-पाच वर्षांसाठी घ्यावा आणि बाजारभावानं घ्यावा. हाउकशी बोलणी त्याच्याही आधी सुरू करावीत.